शिंपल्यातला पोखरणारा स्पंज: प्रत्येक स्लाइडवर क्लायोना सेलाटाच कसा येतो?

कालव_बडोदा

नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी कालवांचे अठरा कोरडे शिंपले हाताशी आहेत. शिकवण्यासाठी ठेवलेल्या जुन्या संग्रहातले आहेत, चिठ्ठीवर फक्त ‘ओखा’ लिहिलेले आहे. बहुतेकांच्या पाठीवर एक ते दोन मिलिमीटरची गोल भोके आहेत. शिंपला फोडला की आत मधाच्या पोळ्यासारखी कप्प्यांची जाळी दिसते आणि कप्प्यांत पिवळट-तपकिरी भुकटी असते.

पद्धत अशी वापरली: दोन ग्रॅमचा तुकडा ५० मिलीच्या बीकरमध्ये १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकला. फेस थांबल्यावर सुमारे चार सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले, दहा मिनिटे गाळ बसू दिला, वरचे पाणी ओतून दिले. असे चार वेळा. तळचा गाळ ग्लिसरीनच्या थेंबात घेऊन वर कव्हरस्लिप ठेवली आणि ४०० पटींवर पाहिले.

सात शिंपले झाले. सातांतही एकच चित्र: गोल डोक्याच्या टाचणीसारख्या कंटिका (स्पंजाच्या सांगाड्यातल्या सुया), लांबी २२० ते ३४० मायक्रॉन, आणि भरपूर डायटम (एकपेशीय शैवाल). सूक्ष्म कंटिका एकही नाही. जाती ओळखण्याच्या किल्लीप्रमाणे हे क्लायोना सेलाटा येते. तसेच लिहू का? शिवाय सगळी भोके स्पंजाचीच असतात का? आणि हा गट कच्छच्या आखातात प्रत्यक्ष पाहायचा असेल तर काय, कुठे आणि कोणत्या परवानगीने?

सूक्ष्मदर्शी

अजून नाव लिहू नका. सातही शिंपल्यांत एकच जात असू शकते, पण तुमच्या पद्धतीत सूक्ष्म कंटिका टिकणे जवळजवळ अशक्य होते. आणि सेलाटा ओळखला जातो तो नेमका त्या नसण्यावरून. प्रौढ क्लायोना सेलाटात टाचणीसारख्या टायलोस्टाइल असतात आणि बाकी जवळपास काही नसते. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही जातीच्या बारीक कंटिका धुण्यात गेल्या की स्लाइडवर उरते ते सेलाटासारखेच दिसते.

आता त्या कुठे गेल्या ते पाहू.

पहिली गळती दहा मिनिटांची. ३०० मायक्रॉन लांब आणि आठेक मायक्रॉन जाड टायलोस्टाइल चार सेंटिमीटर पाण्यातून आठ-दहा मिनिटांत तळाला जाते. दहा मायक्रॉन लांब आणि एक-दोन मायक्रॉन जाड सूक्ष्म कंटिका मात्र मिनिटाला ०.३ मिलिमीटरच्या आसपास उतरते. म्हणजे चार सेंटिमीटरला दोन तासांहून जास्त. दहाव्या मिनिटाला तुम्ही ओतलेल्या पाण्यात त्यांतल्या बहुतेक सगळ्या होत्या, आणि हे चार वेळा झाले.

दुसरी गळती फेसाची. ॲसिड एकदम पडले की बुडबुडे हलक्या कंटिका वर उचलतात, त्या बीकरच्या काठावर चिकटून वाळतात. म्हणून ॲसिड थेंबाथेंबाने घाला. फेस चढायला लागला की अल्कोहोलचा एक थेंब टाका, लगेच बसतो. एक ग्रॅम शिंपल्याला १० टक्के ॲसिड सात-आठ मिली पुरते. दोन ग्रॅमला वीस मिली घेतले तर भरपूर झाले.

तिसरी चूक ग्लिसरीनची, आणि ही फार जणांकडून होते. स्पंजाची कंटिका म्हणजे पाणीदार सिलिका, तिचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास. ग्लिसरीनचा १.४७. दोन्ही इतके जवळ की बारीक कंटिका समोर असूनही दिसत नाही. टायलोस्टाइल जाड असते म्हणून तिची कडा कशीबशी उमटते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यात सगळे स्वच्छ दिसते. कायमच्या स्लाइडला डीपीएक्स (कव्हरस्लिप बसवायचे रेझिन) वापरा, त्याचा १.५२ आहे. कंडेन्सरचे डायफ्रॅम थोडे मिटवायला विसरू नका.

पुन्हा करताना असे करा. भोकांच्या बाजूचा पृष्ठभाग आधी ब्रशने घासून पाण्याने धुवा, म्हणजे वर चिकटलेल्या परक्या स्पंजांच्या कंटिका आणि डायटम बरेच कमी होतील. मग शिंपला फोडून बंद कप्प्यांतली भुकटी सुईने काढा. प्रत्येक शिंपल्याला नवी सुई, नवा ड्रॉपर. एका ड्रॉपरवर सात नमुने केले तर पहिल्याच्या कंटिका सातव्यात सापडतात.

एका नमुन्याच्या दोन नळ्या करा. पहिल्या नळीत, म्हणजे १.५ मिलीच्या सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये, चिमूटभर भुकटीवर एक मिली घरगुती ब्लीच घालून रात्रभर ठेवा. ब्लीचने सेंद्रिय भाग जातो, चुना राहतो, आणि तो राहायलाच हवा (का ते शेवटी सांगतो). दुसऱ्या नळीत ॲसिडने चुना काढा. ॲसिडच्या नळीला नंतर ब्लीच द्यायचे असेल तर आधी पाणी चार-पाच वेळा बदलून लिटमस तपासा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जीवघेणा आहे. ब्लीचमध्येही चार-चार दिवस ठेवू नका. ते अल्कधर्मी असते आणि अल्कलीत सिलिका झिजते, सर्वांत आधी बारीक कंटिकांचे काटे. पोटॅशमध्ये उकळणे तर पूर्ण वर्ज्य.

धुताना दर वेळी नळी निदान दोन तास उभी ठेवा, रात्रभर ठेवलीत तर उत्तम, आणि वरचे पाणी ओतू नका. ड्रॉपरने वरच्या दोन-तृतीयांश भागातले काढा. ते काढलेले पाणी फेकायच्या आधी त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्यात कंटिका दिसल्या तर आणखी थांबायला हवे, इतकी सोपी तपासणी आहे. शेवटची दोन धुणी अल्कोहोलची. मग थेंब स्लाइडवर वाळवून डीपीएक्स आणि कव्हरस्लिप.

मोजमाप प्रत्येक प्रकारच्या निदान २५ ते ३० कंटिकांचे. टायलोस्टाइलची लांबी, दांड्याची जाडी आणि डोक्याची जाडी वेगवेगळी लिहा. डोळ्याच्या भिंगातली मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरवर प्रत्येक वस्तुभिंगासाठी पुन्हा ताडून घ्या. सूक्ष्म कंटिकांवरचे काटे १०० पटींच्या तेलाच्या भिंगाशिवाय खात्रीने दिसत नाहीत.

आता ब्लीचच्या नळीतल्या चुन्याविषयी. हा स्पंज चुना कुरतडतो तो विशिष्ट पेशींनी. पेशी बारीक धाग्यांसारखे पाय पसरून चुन्यात वाटीच्या आकाराची खाच विरघळवते, आणि पुरेसे खोल गेले की आतला कण सुटा होतो. हे कण साधारण २० ते १०० मायक्रॉनचे आणि पैलूदार असतात, एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूंना खोलगट चट्टे. पाण्याच्या प्रवाहाबरोबर ते बाहेर टाकले जातात. कप्प्याच्या भिंतीवर त्यांचेच साचे राहतात, म्हणून भिंगाखाली भिंत चेचून खड्डे पाडलेल्या पत्र्यासारखी दिसते. असे कण आणि अशी भिंत दिसली तर भोक पोखरणाऱ्या स्पंजाचे, मग आत कंटिका सापडो वा न सापडो.

मांडवीकर

भोकांचा प्रश्न राहिला, तो घेतो. शिंपल्यावरचे प्रत्येक भोक स्पंजाचे नसते, आणि एकाच शिंपल्यात तीन-चार जणांनी घर केलेले असणे अगदी नेहमीचे आहे.

एकच भोक, कडेने उतरते कापलेले, आरपार गेलेले: हे शिकारी गोगलगायीचे. दोन भोके जवळजवळ, मध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी नळी आणि आत चिखल: हा पॉलिडोरा नावाचा किडा, आतल्या बाजूला चिखलाचा फोडही दिसतो. अरुंद चिरेसारखी फट: पोखरणारे बार्नॅकल. बोट जाईल एवढी गुळगुळीत खोबण, तीही बहुधा प्रवाळात: लिथोफागा वंशाचा शिंपला. केसाहून बारीक, ०.१ मिलिमीटरच्या आतली जाळी: शैवाल किंवा बुरशी.

स्पंजाची खूण म्हणजे बरीच गोल भोके जवळजवळ सारख्या अंतरावर आणि आत एकमेकांना जोडलेले कप्पे. हेच जीवाश्मांत सापडले की त्याला एंटोबिया म्हणतात. ते नाव भोकाचे आहे, प्राण्याचे नाही. कोरड्या शिंपल्यात कंटिका सापडल्या नाहीत तर ‘एंटोबिया-प्रकारची पोखर’ एवढेच लिहावे, ते प्रामाणिक आहे.

जिवंत कालवाला हा स्पंज खात नाही, हेही प्रकल्पात नीट मांडा. तो पाणी गाळून त्यातले जीवाणू आणि सूक्ष्म कण खातो. शिंपला त्याचे फक्त घर आहे. नुकसान वेगळ्या वाटेने होते: पोखर आतल्या बाजूला पोचली की कालवाला ती बुजवायला पुन्हा पुन्हा थर द्यावे लागतात, वाढ मंदावते, शिंपला ठिसूळ होऊन हाताने चुरतो. मोत्याच्या कालवांत ही डोकेदुखी जुनीच आहे. सिलोनच्या मोती-कालवांवरून स्पंजतज्ज्ञ डेंडीने १९०५ मध्ये क्लायोना मार्गारिटिफेरी ही जात नोंदवली ती त्यामुळेच.

कालव_बडोदा

दोघांचेही मनापासून आभार. त्याच सात शिंपल्यांची पुन्हा तयारी केली, रात्रभर गाळ बसवून, डीपीएक्समध्ये. पाचांत पूर्वीसारख्याच फक्त टायलोस्टाइल. दोनांत मात्र तीन प्रकार आहेत: टायलोस्टाइल, ७० ते ११० मायक्रॉनच्या दोन्ही टोकांना निमुळत्या आणि अंगभर बारीक काटे असलेल्या कंटिका, आणि १० ते १४ मायक्रॉनच्या काटेरी कांड्या. पैलूदार कण सातही नमुन्यांत आहेत. पहिल्या वेळी ओतलेले पाणी योगायोगाने बाटलीत ठेवले होते, त्याच्या तळाशीही त्या कांड्या सापडल्या.

सूक्ष्मदर्शी

ही फार छान गोष्ट झाली. बाटलीतला पुरावा प्रकल्पाच्या पद्धती-विभागात जरूर द्या, पुढच्या विद्यार्थ्याचे दोन महिने वाचतील.

ते दोन नमुने पायोने वंशाचे, वास्टिफिका गटातले. जुन्या पुस्तकांत हाच क्लायोना वास्टिफिका. जिवंतपणी तो बहुधा नारिंगी-लाल असतो, भोके लहान आणि दाट. या वंशातल्या काही जाती जेम्यूल म्हणजे प्रतिकूल काळात टिकून राहणारे गोळे बनवतात, आणि खाडीच्या कमी खारट पाण्यातही तग धरतात. कोरड्या शिंपल्याच्या कप्प्यांत कंटिकांच्या आवरणात गुंडाळलेले गोळे दिसतात का ते बघा.

उरलेल्या पाचांसाठी ‘क्लायोना, सेलाटा-सदृश’ असे लिहा. पूर्वी क्लायोना सेलाटा जगभर पसरलेली एकच जात मानत. ग्रँटने ती १८२६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून वर्णिली. २०१० पासूनच्या डीएनए अभ्यासांनी तिच्याखाली अनेक वेगळ्या जाती दडल्याचे दाखवले आहे. कंटिका सारख्याच, वंशरेषा वेगळ्या. अरबी समुद्रातल्या नमुन्याला स्कॉटलंडचे नाव नुसत्या टाचण्यांवरून देणे बरोबर नाही.

कुळाचे नावही तपासा. क्लायोनिडी असे जुने रूप होते, पण तेच नाव पोहणाऱ्या एका गोगलगाय-कुळाचे आधीपासून आहे, म्हणून आता क्लायोनाइडी.

ओखामंडळ

बडोद्याच्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा यात मला एक औचित्य दिसते. ओखामंडळ, म्हणजे ओख्याच्या आसपासचा प्रदेश, संस्थानी काळात बडोदे संस्थानात होता. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत जेम्स हॉर्नेल यांनी १९०५-०६ मध्ये तिथल्या समुद्री प्राण्यांचे नमुने गोळा केले आणि संस्थानासाठीचा अहवाल १९०९ व १९१६ अशा दोन भागांत निघाला. त्यातल्या स्पंजांवर आर्थर डेंडी यांनी काम केले: चुनखडी कंटिकांच्या स्पंजांवर १९१५ मध्ये, बाकीच्यांवर १९१६ मध्ये. तुमच्या चिठ्ठीवरच्या ‘ओखा’ या एका शब्दाला शंभर वर्षांपूर्वीची तुलना त्यामुळे उपलब्ध आहे. १९१५ मधलाच ॲनंडेल यांचा भारतीय पोखरणाऱ्या स्पंजांवरचा लेखही सोबत घ्या. त्यानंतर पी. ए. थॉमस यांनी मंडपमपासून सुरू करून या गटावर बरेच काम केले. जुनी नावे वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेसमध्ये एकेक करून आजच्या नावाशी जुळवल्याशिवाय तक्ता करू नका.

पसाऱ्याविषयी. हा गट उष्ण आणि समशीतोष्ण, दोन्ही समुद्रांत आहे. लागतो तो चुना: प्रवाळ, शिंपले, चुनखडीचा खडक. आपल्याकडे मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप, अंदमान, कोकणातले कालवांचे खडक आणि कच्छचे आखात. कच्छचे आखात त्यात वेगळे पडते. पाणी गढूळ, भरती-ओहोटीचा फरक मोठा, खारटपणा जास्त. उघड्यावर पसरणाऱ्या नाजूक स्पंजाची छिद्रे गाळाने बुजतात. पोखरणाऱ्याचे शरीर मात्र खडकाच्या आत असते, बाहेर डोकावतात त्या फक्त बटणाएवढ्या पॅपिला, आणि गाळ आला की त्या मिटतात. इथे त्याचे बस्तान बसण्यामागे हे एक मोठे कारण आहे असे माझे मत आहे. सांडपाण्याने जीवाणू वाढले की या गटाची वाढ होते, हे कॅरिबियनमधल्या अभ्यासांत दिसले आहे.

प्रवाळावर पाहताना वाढीचे तीन टप्पे नोंदवा. अल्फा म्हणजे फक्त सुट्या पॅपिला. बीटा म्हणजे पॅपिला जुळून वर पातळ थर. गॅमा म्हणजे चुना संपवून स्पंजाचा सुटा ढेकूळ. एकच जात यातल्या एकाहून अधिक रूपांत सापडते, तेव्हा रूपावरून जात ठरवू नका. जिवंत पोरायटिस प्रवाळावर तपकिरी किंवा हिरवट-काळा थर दिसला तर तो बहुधा व्हिरिडिस किंवा ओरिएंटालिस गटातला. त्यांच्या शरीरात प्रवाळासारखेच प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्म शैवाल असते, उजेडात ते जोमाने पोखरतात, आणि जिवंत प्रवाळाला मागे रेटणारे हेच. इतर बरेचसे प्रवाळाच्या मेलेल्या बुडात काम करतात, मग वादळात अख्खी वसाहत मुळापासून निसटते.

आता परवानगी. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८० मध्ये सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. तिथून वनविभागाच्या लेखी परवानगीविना काहीही उचलायचे नाही. यात मेलेला शिंपलासुद्धा आला. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या सूचीत आहेत, आणि चुनखडी कंटिकांचे स्पंज २००१ पासून त्या कायद्याखाली घेतले गेले. नुसते पाहायला आणि फोटो घ्यायला नरारा सर्वांत सोयीचे. सौराष्ट्र मेलने जामनगरला उतरायचे, तिथल्या वनविभागाच्या कार्यालयात प्रवेशाची परवानगी घ्यायची, पुढे वाडीनारच्या बाजूला रस्त्याने.

दिवस उधाणाचा निवडा, अमावस्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असण्याच्या, दिवसांत पाणी पुरेसे उतरत नाही आणि फेरी फुकट जाते. सर्वांत खालच्या ओहोटीच्या दीड-दोन तास आधी चालायला लागा आणि पाणी फिरले की लगेच परता. सपाट जागेवर भरती मागून कधी घेरते ते कळत नाही. कोरड्या पडलेल्या खडकावर पॅपिला मिटलेल्या असतात, म्हणून डबक्यांत, पाण्याखाली असलेल्या दगडांवर पाहा. चाळणीसारख्या पॅपिलातून पाणी आत जाते, एकच तोंड असलेल्यातून बाहेर पडते. दोन्हींचा व्यास आणि दर चौरस सेंटिमीटरला किती आहेत ते मोजपट्टी ठेवून फोटोत घ्या. उलटवलेला दगड जसा होता तसाच परत ठेवा, खालची बाजू उन्हात राहिली तर तिथले सगळे मरते.

मांडवीकर

पोखरण्याच्या वेगाचे आकडे देताना जपून. न्यूमन यांनी १९६६ मध्ये बर्म्युडातल्या प्रयोगात शंभर दिवसांत दर चौरस मीटरला सहा-सात किलो चुना गेल्याचे मांडले, तो आकडा सगळीकडे उतरवला जातो. तो कोऱ्या दगडात स्पंज नव्याने शिरतानाचा वेग आहे. पुढे वेग बराच उतरतो, वर्षभराच्या सरासरीला तो लावता येत नाही. तसेच रुट्झलर आणि रीगर यांनी १९७३ मध्ये फक्त दोन-तीन टक्के चुना विरघळतो आणि बाकी कण होऊन जातो असे लिहिले, तर २००७ मध्ये तांबड्या समुद्रातल्या पायोनेवर विरघळण्याचा वाटा कणांच्या तिप्पट निघाला. दोन्ही द्या. जात वेगळी, मोजण्याची रीत वेगळी.

कालव_बडोदा

परवानगी मिळाली तर ताजे नमुने कशात ठेवावेत? विभागात फॉर्मेलिन सहज मिळते.

सूक्ष्मदर्शी

फॉर्मेलिन नको. ठेवले की ते आम्लधर्मी होते आणि तुमचे पैलूदार कणच खाऊन टाकते, डीएनएही कामाचा राहत नाही. ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉल घ्या, नमुन्याच्या दहापट, आणि चोवीस तासांनी एकदा बदला. स्पंजात पाणी इतके असते की पहिले अल्कोहोल पातळ होतेच. रंग एका दिवसात उतरतो, म्हणून फोटो आधी. चिठ्ठी जाड कागदाची, शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका: जागा, तारीख, ओहोटीची वेळ, कशात पोखरले होते, जिवंतपणीचा रंग, रूप. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि उरलेले अकरा कोरडे शिंपले आख्खे फोडू नका, प्रत्येकाचा निम्मा भाग तसाच ठेवा.